सोनोग्राफी ‘नॉर्मल’ आली, म्हणजे झाले?

‘सुरतनुं जमण अने काशीनुं मरण’ अशी एक गुजराती म्हण आहे. जेवावे सुरतेला आणि देह ठेवावा काशीला, की जन्माचे सार्थक झाले. लोचो, खमण, उंधियू, थंडीतला पोंक आणि त्यावर भुरभुरलेली शेव, सुरतेच्या माणसाला आपल्या खाण्याचा अभिमान फार, आणि तो खोटाही नाही. पण जमण आणि मरण यांच्या मधे एक मुकाट धागा असतो, त्याबद्दल म्हण काही बोलत नाही. तो धागा म्हणजे रक्तदाब. वाढलेल्या रक्तदाबाने मूत्रपिंडे हळूहळू कशी झिजतात, ती झीज यंत्राच्या पडद्यावर केव्हा दिसते आणि केव्हा दिसत नाही, हा आजचा विषय. थोडा डॉक्टरी आहे, पण प्रत्येक घरातला आहे.

सुरत आपल्याला परकी नाही. इतिहासाच्या पुस्तकात ती १६६४ आणि १६७० सालच्या शिवाजी महाराजांच्या स्वाऱ्यांमुळे भेटते आणि घरात जरीच्या काठामुळे. शहापूर, वडगाव, खासबागच्या विणकरांना सुरतेच्या जरीची ओळख करून द्यावी लागत नाही. ताप्तीकाठच्या रेल्वेने खानदेशातली माणसे पिढ्यान् पिढ्या तिकडे पोटासाठी गेली. आज उधना, लिंबायत या भागांत फिरले तर जळगाव-धुळ्याच्या बाजारात आल्यासारखे वाटते. महानगरपालिका तिथे मराठी माध्यमाच्या शाळाही चालवते. आपल्या भागातलीही काही कुटुंबे यंत्रमागाच्या मागोमाग तिकडे गेली. माझा एक मावसभाऊ त्यांतलाच.

चार भाषांत एकच बीपी

गेल्या हिवाळ्यात एका लग्नाच्या निमित्ताने त्याच्या घरी दोन दिवस राहणे झाले. दादा मराठी, वहिनी गोकाककडच्या, माहेरची भाषा कन्नड. मुले बाहेर गुजराती आणि हिंदी बोलतात, आईशी कन्नड आणि बापाशी मराठी. घरात चार भाषा, पण बीपीला चारही भाषांत बीपीच. आजोळची म्हातारी माणसे ‘रक्तदोत्तड’ म्हणतील, आपल्याकडचे शिक्षक ‘रक्तदाब’ म्हणतील, पण गोळीच्या पाकिटाला सगळे ‘बीपीची गोळी’च म्हणतात.

चहा झाल्यावर वहिनींनी एक फाइल माझ्यापुढे ठेवली. “बघा भावजी, सगळं नॉर्मल आलंय. किडनीचा फोटोसुद्धा काढला.” दादाचे वय बावन्न, बीपी सात वर्षांपासून, काम बारा तासांच्या पाळीचे. पोटात दुखते म्हणून सोनोग्राफी केली होती. रिपोर्टात दोन्ही मूत्रपिंडांची लांबी-रुंदी दिली होती आणि पुढे ‘नॉर्मल’ असा शेरा होता. दादाने त्याचा अर्थ आपल्या सोयीने लावला. “फोटोत काही नाही, मग गोळी कशाला? उगाच सवय लागते,” असे म्हणून दोन महिन्यांपासून त्याने गोळी बंद केली होती.

त्या संध्याकाळी शेजारच्या दवाखान्यात बीपी मोजले, ते १६८/१०२ भरले. तिथल्या डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केलीच, शिवाय रक्ताची आणि लघवीची तपासणी लिहून दिली. पंधरा दिवसांनी वहिनींचा फोन आला. रक्तातले क्रिएटिनिन ठीक होते. लघवीत मात्र अल्ब्युमिन नावाचे प्रथिन उतरत होते. ते ३० च्या आत हवे, दादाचे १४० होते. पुन्हा तपासले तरी वाढलेलेच आले.

म्हणजे फोटो नॉर्मल, रक्त नॉर्मल, आणि तरी मूत्रपिंडाला मार बसायला सुरुवात झालेली. सोनोग्राफी खोटी होती काय? मुळीच नाही. तिला जे दिसू शकते ते तिने प्रामाणिकपणे सांगितले. जे तिच्या नजरेच्या टप्प्यात नव्हते, तेही तिने पाहिले असे आपण धरून चाललो.

ताण आणि धागा

मी इतिहास शिकवणारा माणूस, डॉक्टर नव्हे. पण त्या फोननंतर ओळखीच्या डॉक्टर मंडळींना बरेच प्रश्न विचारले आणि पुस्तके चाळली. जे समजले ते सोप्या शब्दांत मांडतो.

मूत्रपिंडे दोन, प्रत्येक मुठीएवढे, प्रौढ माणसात साधारण ९ ते १२ सेंटिमीटर लांब. एवढ्याशा अवयवांकडे हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा जातो, म्हणजे मिनिटाला सुमारे एक लिटर. दिवसभरात सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि त्यातला जवळपास सगळा शरीर परत घेते. लघवी होते ती दीड लिटरच्या आसपास. ही गाळणी लाखो सूक्ष्म एककांची बनलेली असते. त्यांना नेफ्रॉन म्हणतात. एका मूत्रपिंडात ते सरासरी दहा लाखांच्या आसपास असतात, पण माणसागणिक फरक मोठा. २००३ साली जर्मनीतल्या संशोधकांनी अपघातात मृत्यू पावलेल्या व्यक्तींची मूत्रपिंडे तपासली. दहा रक्तदाब असलेल्यांची आणि दहा नसलेल्यांची. रक्तदाब असलेल्यांत एका मूत्रपिंडामागे सुमारे ७ लाख नेफ्रॉन निघाले, नसलेल्यांत सुमारे १४ लाख. काही माणसे जन्मतःच कमी भांडवलावर हा धंदा चालवत असावीत, असा याचा अर्थ लावला गेला.

प्रत्येक नेफ्रॉनच्या तोंडाशी केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचा एक गुच्छ असतो. विणकराच्या घरातल्या माणसाला सांगायचे तर सुताच्या बारीक गुंडीसारखा. मागावर ताण बेताचा असेल तर धागा वर्षभर चालतो. ताण वाढवला की तो लगेच तुटत नाही, आधी विरतो. रक्तदाबाने तेच होते. आत जाणाऱ्या बारीक वाहिन्यांच्या भिंती जाड होतात, मार्ग अरुंद होतो. काही गुच्छांना रक्त कमी पडून ते सुकतात, तिथे व्रण धरतो. उरलेल्यांवर जास्तीचे काम पडते आणि मग त्यांचीही पाळी येते. या सगळ्यात दुखत नाही, सूज येत नाही, लघवीही नेहमीसारखी होते. क्रिएटिनिनसुद्धा बरेच दिवस गप्प असते. मूत्रपिंडांची निम्म्याच्या आसपास ताकद गेल्यावर ते ठळकपणे वाढू लागते.

पडद्यावर काय दिसते?

सोनोग्राफी केंद्राच्या दारावर ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ ही पाटी सगळ्यांनी वाचलेली असते. त्यामुळे सोनोग्राफी म्हणजे बाळंतपण असेच अनेकांना वाटते. मूत्रपिंडांसाठीही तिचा उपयोग मोठा आहे. तिच्यात ना किरणोत्सर्ग, ना सुई. मुतखडा, लघवीच्या मार्गातला अडथळा, पाण्याच्या गाठी हे सगळे ती दाखवते. काही घराण्यांत मूत्रपिंडांत असंख्य गाठी होण्याचा आजार पिढीजात असतो. तरुण वयात बीपी वाढले तर त्याचाही विचार करावा लागतो, आणि तिथे सोनोग्राफीसारखी दुसरी सोपी तपासणी नाही. दोन मूत्रपिंडांच्या लांबीत दीड सेंटिमीटरहून जास्त फरक दिसला तर एका बाजूची रक्तवाहिनी आक्रसली आहे का, अशी शंका घेतात. मूत्रपिंडाची वाहिनी आवळली तर सगळ्या शरीराचा रक्तदाब वाढतो, हे अमेरिकेतल्या हॅरी गोल्डब्लाट यांनी १९३४ साली कुत्र्यांवरच्या प्रयोगांत दाखवून दिले होते. म्हणजे रक्तदाब मूत्रपिंड बिघडवतो आणि बिघडलेले मूत्रपिंड रक्तदाब वाढवते. हे चक्र दोन्ही बाजूंनी फिरते.

पण रक्तदाबाची सुरुवातीची इजा सोनोग्राफीला सहसा दिसत नाही. तिला आकार दिसतो, बाहेरच्या थराची जाडी दिसते, आणि मूत्रपिंड यकृताच्या तुलनेत किती उजळ आहे ते दिसते. व्रण वाढले की मूत्रपिंड उजळ दिसू लागते, थर पातळ होतो, आकार लहान होतो. ही सगळी वर्षानुवर्षांच्या झिजेची चिन्हे आहेत. शिवाय एक गंमत आहे. ज्याच्या यकृतात चरबी साठली आहे त्याचे यकृतच उजळ दिसते. त्याच्या शेजारी मूत्रपिंड ठेवले तर त्याचा बिघडलेला उजळपणाही साधा वाटू शकतो. मधुमेहात तर मूत्रपिंड आजारी असूनही आकाराने चांगले, कधी थोडे मोठेच दिसते. म्हणून ‘आकार नॉर्मल’ याचा अर्थ ‘काम नॉर्मल’ असा घेता येत नाही.

याच यंत्राला डॉप्लरची जोड दिली की वाहत्या रक्ताचा वेग मोजता येतो. हृदयाच्या ठोक्याबरोबर मूत्रपिंडातल्या धमनीतला वेग सर्वांत जास्त किती होतो आणि दोन ठोक्यांच्या मधे किती उतरतो, यावरून ‘रेझिस्टिव्ह इंडेक्स’ नावाचा आकडा काढतात. वरचा वेग ५० आणि खालचा २० असेल तर ३० भागिले ५०, म्हणजे ०.६. खालचा वेग १० वर आला तर ४० भागिले ५०, म्हणजे ०.८. साधारणपणे ०.७ पर्यंतचा आकडा ठीक मानतात. वाहिन्या ताठ आणि अरुंद झाल्या की तो चढतो. हा बदल आकार बदलण्याच्या आधीही दिसू शकतो, म्हणून संशोधकांना त्यात रस आहे. मात्र वय वाढले, सगळ्या शरीराच्याच धमन्या ताठ झाल्या, तरीही तो चढतो. एकट्या त्या आकड्यावर निदान होत नाही.

याच्या पुढच्या पायऱ्याही आहेत. इलास्टोग्राफीत अवयव किती कडक झाला ते ध्वनिलहरींनी मोजतात. यकृतासाठी ती तपासणी आता रुळली आहे. मूत्रपिंड मात्र खोल असते आणि त्यातला रक्तप्रवाहही आकडा बदलवतो, म्हणून तिथे तिची खात्री अजून तेवढी नाही. एमआरआयचा एक प्रकार तर आणखी पुढे जातो. ऑक्सिजन सोडून दिलेल्या रक्ताचा चुंबकीय गुण वेगळा असतो. त्याचा फायदा घेऊन मूत्रपिंडाच्या कोणत्या भागात ऑक्सिजन कमी पडतो आहे, ते सुई न टोचता दाखवता येते. १९९६ साली अमेरिकेत प्रसाद, एडेलमन आणि एपस्टाइन यांनी ही पद्धत माणसांच्या मूत्रपिंडांवर वापरून दाखवली. पुढे स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मूत्रपिंडाच्या दीर्घ आजाराच्या रुग्णांपैकी ज्यांच्या बाहेरच्या थरात ऑक्सिजन कमी दिसला, त्यांचे मूत्रपिंड नंतर जास्त वेगाने उतरले. व्रण दिसण्याआधी तहान दिसावी, असा हा प्रयत्न. पण ही अजून संशोधनाची हत्यारे आहेत. उधन्याच्या किंवा आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात बीपीच्या प्रत्येक रुग्णाला ती लावता येणार नाहीत.

नाडीचे चित्र काढणारा डॉक्टर

बिघाड दिसण्याआधी तो चित्रात पकडावा, ही धडपड मात्र आजची नाही, आणि इथे मला माझ्या विषयात यायला जागा मिळते. पाटण्याला १७५९ साली जन्मलेले दीन महंमद इंग्लंडला गेले. इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध करणारे पहिले भारतीय म्हणून त्यांचे नाव घेतात. लंडनमध्ये त्यांनी १८१० साली हिंदुस्थानी खाण्याचे हॉटेल काढले आणि नंतर ब्रायटनला चंपी-मालिशचे स्नानगृह चालवले. त्यांचे नातू फ्रेडरिक अकबर महंमद लंडनच्या गाइज हॉस्पिटलात डॉक्टर झाले. त्या काळी दंडाला पट्टा बांधून बीपी मोजण्याचे यंत्रच नव्हते. ते इटलीत रिव्हा-रोच्ची यांनी १८९६ साली आणले. फ्रेडरिक महंमद यांनी विद्यार्थी असतानाच, १८७२ च्या सुमारास, मनगटावर ठेवून नाडीची रेघ कागदावर उमटवणारे यंत्र सुधारले. त्या रेघांवरून त्यांच्या लक्षात आले की काही माणसांच्या धमन्यांत दाब वाढलेला असतो, आणि त्यांच्या लघवीत अजून अल्ब्युमिन उतरलेले नसते. आजार मूत्रपिंडात दिसण्याआधी नाडीत दिसतो, असे त्यांनी मांडले. १८८४ साली, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, विषमज्वराने ते गेले. त्यांच्या नाडीच्या रेघा हे या आजाराचे पहिलेवहिले ‘छायाचित्रण’च म्हणायला हवे.

त्यांनी लावलेला क्रम आजही लक्षात ठेवण्याजोगा आहे. आधी दाब वाढतो, मग लघवीत अल्ब्युमिन उतरते, मग रक्तातले क्रिएटिनिन चढते, आणि बऱ्याचदा सगळ्यांत शेवटी मूत्रपिंड पडद्यावर लहान दिसते. आपण मात्र उलट्या टोकाने सुरुवात करतो. महागडी तपासणी आधी, आणि तिने अभय दिले की स्वस्त तपासणीला रजा.

डोळ्यातून मूत्रपिंड

एक चित्र मात्र असे आहे की ते फार खर्चाचे नाही आणि बारीक वाहिन्या थेट दाखवते. ते डोळ्याच्या पडद्याचे. शरीरात बारीक रक्तवाहिन्या काहीही न कापता उघड्या दिसतात अशी ती जागा. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या कीथ, वॅगनर आणि बार्कर या डॉक्टरांनी १९३९ साली रक्तदाबाने डोळ्याच्या पडद्यात होणाऱ्या बदलांच्या चार पायऱ्या ठरवून दिल्या. जो दाब डोळ्यातल्या वाहिन्यांना आवळतो तोच मूत्रपिंडातल्या वाहिन्यांनाही आवळत असतो. म्हणून बीपीच्या माणसाने चष्म्याचा नंबर काढायला गेल्यावर “बाहुली मोठी करून पडदाही बघा” असे डोळ्याच्या डॉक्टरांना सांगावे. औषध घातल्यावर दोनचार तास अंधुक दिसते, तेव्हा गाडी चालवत जाऊ नये, एवढेच.

मग करायचे काय?

२०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा वर्षांवरच्या पुरुषांपैकी २४ टक्के आणि स्त्रियांपैकी २१ टक्के लोकांचा रक्तदाब वाढलेला होता किंवा ते त्याची गोळी घेत होते. म्हणजे चारपाच मोठ्या माणसांच्या घरात एकाचा हिशेब. प्रत्येक घराने पुढच्या गोष्टी गाठीला बांधाव्यात.

बीपी मोजताना पाच मिनिटे शांत बसावे, पाठ टेकलेली, दंड हृदयाच्या पातळीवर. आधी अर्धा तास चहा, तंबाखू नको. दवाखान्यात वारंवार १४०/९० किंवा जास्त, घरी १३५/८५ किंवा जास्त भरत असेल तर डॉक्टरांना दाखवावे.

ज्याला बीपी किंवा मधुमेह आहे त्याने वर्षातून एकदा तरी लघवीतले अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचे प्रमाण तपासून घ्यावे. लॅबमध्ये तिला ‘एसीआर’ म्हणतात. थोडीशी लघवी पुरते, चोवीस तासांची साठवावी लागत नाही. ३० च्या आत ठीक, ३० ते ३०० म्हणजे धोक्याची घंटा, त्याहून जास्त म्हणजे इजा बरीच पुढे गेलेली. ताप, लघवीचा संसर्ग, मासिक पाळी, जबर मेहनत यांनी आकडा तात्पुरता वाढतो, म्हणून तीन महिन्यांत पुन्हा तपासून मगच निष्कर्ष काढतात. लघवीत पट्टी बुडवून करतात ती साधी तपासणी थोड्या प्रमाणातले अल्ब्युमिन दाखवीलच असे नाही. रक्तातल्या क्रिएटिनिनबरोबर त्यावरून काढलेला ‘ईजीएफआर’ किती, तेही विचारावे. तो तीन महिने ६० च्या खाली राहिला तर मूत्रपिंडाचा दीर्घ आजार समजतात.

या टप्प्यावर आजार पकडला तर हातात पुष्कळ काही असते. बीपीच्या काही गोळ्या दाब तर उतरवतातच, शिवाय अल्ब्युमिनची गळतीही कमी करतात. कोणाला कोणती द्यायची हे डॉक्टरांनीच ठरवायचे, गरोदरपणात तर त्यांतल्या काही चालतच नाहीत. बीपी नॉर्मल आले की गोळी बंद, हा हिशेब मात्र चुकीचा. ते गोळीमुळे नॉर्मल आलेले असते. सांधे दुखतात म्हणून मेडिकलमधून परस्पर वेदनाशामक गोळ्या आणून महिनोन् महिने घेणेही मूत्रपिंडाला भोवते. आणि सीटी स्कॅनसाठी शिरेतून औषध घालणार असतील तर मूत्रपिंडाचा आजार असल्याचे आधीच सांगावे.

मिठाचा हिशेब

आता मिठाचे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ सांगते, म्हणजे सपाट चहाचा चमचा, आणि त्यात भाजी-आमटीपासून फरसाणापर्यंत सगळे आले. कन्नडमध्ये म्हण आहे, ‘उप्पिगिंत रुचि इल्ल, तायिगिंत बंधु इल्ल’. मिठाहून चव नाही आणि आईहून जवळचे कोणी नाही. कन्नडात लोणच्याला ‘उप्पिनकायी’ म्हणतात, म्हणजे मिठातले फळ. आपल्या ताटात डावीकडे लोणचे, पापड, सांडगी मिरची, चटणी असे चार तऱ्हेचे मीठ बसते आणि वर ताकातही चिमूटभर पडते. लोणचे टाकून द्या असे मी म्हणत नाही, वहिनींनी मला घरात घेतले नसते. बीपीच्या माणसाच्या ताटात ते फोडीपुरते असावे आणि मीठदाणी पाटावरून उठावी. बाजारात कमी सोडियमचे मीठ मिळते, त्यात पोटॅशियम असते. ज्याचे मूत्रपिंड अशक्त आहे त्याने ते डॉक्टरांना न विचारता वापरू नये.

सुरतेने काय शिकवले

सुरतेत १९९४ च्या सप्टेंबरात प्लेगची साथ आली तेव्हा लाखो माणसे शहर सोडून पळाली. खानदेशच्या गाड्या भरभरून आल्या होत्या. पुढच्या वर्षी आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांनी शहराची साफसफाई तर केलीच, शिवाय कोणत्या भागात तापाचे किती रुग्ण आहेत याची रोजच्या रोज नोंद ठेवण्याची शिस्त तिथे रुजली. रोग अंगावर आल्यावर धावायचे नाही, त्याची चाहूल मोजत राहायचे, हे ते शहर शिकले. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरबरोबर सुरतेला पहिला क्रमांक मिळाला तो एका दिवसात नव्हे.

आणि चाहूल चुकली की काय होते, हेही त्याच शहरात कळते. आठवड्यातून दोन-तीन वेळा, दर वेळी चार चार तास डायलिसिसच्या खुर्चीत. रोजंदारीच्या माणसाचा निम्मा आठवडा तिथेच गेला. केंद्र सरकारने २०१६ साली जिल्हा रुग्णालयांतून गरिबांसाठी मोफत डायलिसिसची योजना आणली, त्याने खर्चाचा भार हलका झाला. पण गेलेला दिवस आणि बुडालेली पाळी कोण भरून देणार? गुजरातेत मूत्रपिंडाच्या उपचारांचे मोठे काम अहमदाबादला डॉ. एच. एल. त्रिवेदी यांनी उभे केले. १९७७ साली कॅनडातली चांगली चाललेली प्रॅक्टिस सोडून ते परत आले होते, २०१९ मध्ये ते गेले. सुरतेचे नीलेश मांडलेवाला यांनी वडिलांचा मूत्रपिंडाचा आजार जवळून पाहिला आणि अवयवदानाचे काम अंगावर घेतले. त्यांची ‘डोनेट लाइफ’ ही संस्था आज त्या शहराची ओळख झाली आहे. ही माणसे थोर आहेत. पण दाता मिळण्याची वाट पाहणाऱ्यांच्या रांगेत आपल्या घरचे माणूस उभेच राहू नये, यासाठीची तपासणी आपल्याच हातात आहे.

दादा आता रोज गोळी घेतो. तीन महिन्यांनी पुन्हा लघवी तपासली तेव्हा अल्ब्युमिन १४० वरून ८५ वर आले होते. अजून ३० च्या आत यायचे आहे. सोनोग्राफीचा रिपोर्ट फाइलमध्येच आहे, आता त्याच्यावर लघवीचा कागद लावला आहे.

वाचकहो, या आठवड्यात घरातली अशीच एखादी जुनी फाइल काढा. बीपीचे औषध चालू असलेल्या माणसाच्या कागदांत ‘एसीआर’ किंवा ‘अल्ब्युमिन’ हा शब्द शोधा. सापडला नाही तर पुढच्या वेळी डॉक्टरांना एवढेच विचारा, लघवीतले अल्ब्युमिन कधी तपासायचे? मराठीत विचारा नाहीतर कन्नडमध्ये, मूत्रपिंडाला दोन्ही भाषांत मूत्रपिंडच म्हणतात.